गेममधल्या माणसाला नाद कसा लावायचा?

चौकातला_दिवा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

मी आणि माझा एक मित्र गेलं दीड वर्ष रात्री जेवणं झाली की एक गेम बनवायला बसतो. जात सिम्सची (तो पडद्यावरच्या माणसांचं रोजचं जगणं चालवायचा गेम), पण गाव आपलं कोल्हापूर. एक पेठ, चार गल्ल्या, एक तळं, एक मैदान आणि सध्या ३४ माणसं. गेम बनवायचं गोडो नावाचं इंजिन वापरतोय, कारण ते फुकट आहे आणि माझ्या म्हाताऱ्या लॅपटॉपला झेपतं. माणसं उठतात, आंघोळ करतात, कामाला जातात, जेवतात, झोपतात. भूक, झोप, स्वच्छता, पैसा आणि गप्पा अशा पाच पट्ट्या. पट्टी उतरली की माणूस ती भरायला पळतो. सगळं बिनचूक चालतं आणि बघताना इतका कंटाळा येतो की विचारू नका. मित्र म्हणतो, ही माणसं नव्हेत, मुंग्या आहेत.

म्हणून छंद घालायचं ठरवलं. यादी केली: कुस्ती, फुटबॉल, चित्रकला, गाणं, पोहणं, कबुतरं, स्वयंपाक... मोजले तर २२ भरले. प्रत्येकाच्या १ ते १० पातळ्या. सुरुवातीला 'मजा' नावाची सहावी पट्टी टाकली आणि त्यातले चारच छंद चालू करून बघितले. झालं असं की ३४ पैकी ३१ माणसं संध्याकाळी घरी आली आणि टीव्हीसमोर बसली. तिघं उरली ती टीव्ही नसलेल्या घरातली. ती शेजाऱ्यांकडं जाऊन बसली.

कुठं चुकतंय?

मिरची_भजी

कुठंच चुकत नाही. आमच्या घरी येऊन बघा.

अर्धविराम

मूळ गाव कोल्हापूर, सध्या पोटासाठी पुण्यात, आणि दहा वर्षं हेच काम करतोय, म्हणून जरा लांबण लावतो.

तुमची माणसं टीव्ही बघतात याचं कारण २००० सालचं आहे. पहिला सिम्स त्या वर्षी आला. तो बनवणाऱ्या विल राइट आणि त्याच्या मॅक्सिस कंपनीच्या मंडळींनी तेव्हा अक्कल माणसाच्या डोक्यात न घालता वस्तूंमध्ये घातली. फ्रीज सांगतो, माझ्याकडं भूक भागते. पलंग सांगतो, माझ्याकडं झोप मिळते. माणूस नुसता कान देतो. आपली कुठली पट्टी जास्त उतरलीय आणि कोण किती लांबून हाक मारतंय याचा हिशेब करतो आणि ज्याचा आकडा मोठा त्याच्याकडं जातो. आपला बाजार तसाच चालतो की. ज्याचा आवाज मोठा आणि गाडी जवळ, त्याची भाजी आधी खपते.

आता मजा ही एकच पट्टी असेल तर टीव्हीला कोण हरवणार? तो घरात आहे, त्याला शिकावं लागत नाही, सोबत कुणी लागत नाही, अंग दुखत नाही. तालीम दोन गल्ल्या पलीकडं आणि पहिले सहा महिने नुसता मार. गणित टीव्हीच्याच बाजूनं आहे.

पहिल्या सिम्समध्ये कौशल्यं होती सहा: स्वयंपाक, दुरुस्ती, माणसांवर छाप पाडणं, शरीर, तर्क आणि कल्पकता. पण सगळी नोकरीतल्या बढतीला जुंपलेली. चित्र काढायचं ते विकायला, नाहीतर साहेबाची मर्जी मिळवायला. छंद हा छंद म्हणून नीट आला तो २००८ मध्ये, सिम्स २ च्या फ्रीटाइम या जोडभागात. दहा छंद दिले होते, आणि प्रत्येक माणसाचा एक जन्मजात खरा छंद ठरलेला, तो आपण शोधायचा. उत्साहाची पट्टी वेगळी, आणि हात सोडला की ती उतरायची. कौशल्य वेगळं, ओढ वेगळी, हे त्यांनी तिथं ओळखलं होतं. तुम्ही दोन्ही एकाच पट्टीत कोंबलंय.

लाल_माती

नमस्कार. वय साठीच्या पुढं. गेम नातू खेळतोय, मी बगत बसतोय. त्यानंच हा धागा वाचून दाखवला.

एक सांगतो, राग मानू नका. तुमचा शब्दच चुकलाय. छंद म्हंजे सवड असली तर करायची गोष्ट. शाळेच्या फारमात 'तुमचे छंद' लिव्हायला जागा असती, तितंलं त्ये. कोल्हापुरात छंद नसतोय, नाद असतोय. आणि नाद काय भरत न्हाई तुमच्या पट्टीगत, नाद खातोय. आदी झोप खातोय, मग पैसा, मग घरच्यांची बोलणी.

मी सोळा वर्षांचा असताना तालमीत राहायला गेलो. पहाटं चारला उठायचं. जोर-बैठका, मग माती उकरायची. ती माती बी साधी न्हवं, तिच्यात ताक, हळद, तेल, लिंबू घालून मळल्याली. लढत, मग खुराक. बदाम सोलून थंडाई वाटायला एक माणूस लागतोय, त्यो बी आपल्यातलाच. दुपारी झोप, सांजंला परत मेहनत. त्यात मजा किती हुती म्हणशीला तर दिसभरात दहा मिंटं. तरीबी सोडवत न्हवतं.

आणि खूण ऱ्हाती अंगावर. माजा डावा कान बगा, मोडल्याला हाय. एस्टीत अनोळखी माणूस माजा कान बगून इचारतोय, "कुठली तालीम?" तुमच्या गेममधी दहावी पातळी कुठं दिसती माणसाच्या अंगावर?

अर्धविराम

काका, हे मला पगार घेऊन दहा वर्षांत सुचलं नाही.

चौकातला_दिवा

काका, तुमचा कान आजच गेममध्ये घेतला. खरंच. चेहऱ्याचा एक थर वेगळा केला, तालमीत अमुक दिवस गेले की कान बदलतो आणि परत कधीच सरळ होत नाही. चित्रकाराच्या नखात रंग, चपला बनवणाऱ्याच्या अंगठ्याला घट्टा. पातळीचे आकडे पडद्यावरून काढून टाकले. माणूस बघूनच ओळखायचा.

हिशेबी

सगळे भावनेत वाहून चाललेत म्हणून थोडं गार पाणी ओततो.

खेळणारा माणूस दिवसभर राबून येतो. त्याला घरी बसून झोप खाणारा, पैसा खाणारा, बोलणी खायला लावणारा नाद कशाला हवाय? तो खऱ्या आयुष्यात आहेच. स्टारड्यू व्हॅली हा शेतीचा गेम बघा. एरिक बरोन या एकट्या माणसानं चार वर्षांहून जास्त खपून बनवला, २०१६ ला आला. त्यात मासेमारी आहे. पडद्यावर एक हिरवी पट्टी, तिच्यात मासा धरून ठेवायचा, बटण दाबलं की पट्टी वर, सोडलं की खाली. बस. पण ते बोटांना कळतं. पहिल्या दिवशी मासा निसटतो, महिन्याभरानं तुम्हाला जमायला लागतं. पात्राची पातळी वाढते ती वेगळी, तुमचा स्वतःचा हात बसतो ती वेगळी. छंद म्हणजे हे. तुमच्या गेममध्ये खेळणाऱ्याच्या हाताला काय काम आहे? दुसऱ्याचा मोडलेला कान बघत बसणं?

आणि २२ छंद! पॅरडॉक्ससारख्या मोठ्या कंपनीनं लाइफ बाय यू हा याच जातीचा गेम जून २०२४ मध्ये बाजारात यायच्या आधीच गुंडाळला. तुम्ही दोघं आहात, तेही जेवण झाल्यावर.

चौकातला_दिवा

२२ चा मुद्दा मान्य. मित्रानं हे वाचून मला फोन करून 'बघ' एवढंच म्हटलं आणि ठेवला. चारच ठेवतोय: कुस्ती, फुटबॉल, नाटक, कबुतरं. हाताला काम काय, याचं उत्तर अजून नाही.

लाल_माती

हाताला काम न्हाई कसं? हलगी हाय की. कुस्ती लागली की हलगीवाला बगतोय कोण जोरात हाय, तशी थाप बदलतोय. त्यो ठेका खेळणाऱ्याला धरायला लावा. ठेका बसला तर आपला घिस्सा डाव, चुकला तर आपलीच पाठ मातीला.

हिशेबी

हे चालेल. हे मी खेळेन.

वांगी_भात

मी सिम्स २ भरपूर खेळलो आहे, फ्रीटाइमसकट. त्यात मोडकी गाडी विकत घेऊन दुरुस्त करता यायची, मातीची भांडी करायचं चाक होतं, शिलाई मशीन होतं. माझ्या पात्रानं तीन पिढ्या त्या एका गाडीवर काढल्या. पण मला जे खटकायचं ते इथं अजून कुणी बोललेलं नाही. त्या गेममध्ये सगळ्यांना सवड सारखीच असते. दिवस २४ मिनिटांचा, कामाचे तास सोडले की उरलेला वेळ ज्याचा त्याचा. कुणाच्या घरात असं असतं?

२०१९ साली सरकारनं देशभर वेळेच्या वापराचं सर्वेक्षण केलं होतं. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला २९९ मिनिटं घालवतात, पुरुष ९७. आणि हे जे करतात त्यांचं. करणाऱ्या पुरुषांचा आकडाच मुळात शंभरात २६. तेव्हा काका पहाटे चारला तालमीत गेले ते बरोबर, पण त्यांचा डबा कोण करत होतं?

माझी सवड तुकड्या-तुकड्यांची असते. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत विणकामाच्या दोन ओळी. उन्हाळ्यात गच्चीवर सांडगे घालायला आम्ही सगळ्या जमतो. ते काम आहे की करमणूक, हे तुमची पट्टी कशी ठरवणार? हात कामात असतात आणि तोंड मजेत.

मिरची_भजी

दादा, लई भारी लिहिलंय, पण कुकर, सांडगे... दादाच ना?

वांगी_भात

ताई आहे. कोल्हापूरची आहे. आमच्याकडं बायका 'मी आलो, मी खेळलो' असंच म्हणतात, आणि माझ्या आजीपासून म्हणतात. धागाकर्ते, हेही घ्या गेममध्ये. तुमच्या बायका 'मी जाते' म्हणत असतील तर ती पेठ कोल्हापूरची नव्हे.

चौकातला_दिवा

शरमेनं सांगतो, 'जाते' असंच लिहिलंय. माझी आई 'जातो' म्हणते. तरी लिहिताना हात पुस्तकी झाला. आज रात्री सगळे संवाद बदलतो.

आणि सांडग्यांचा प्रश्न डोक्यातून जाईना. आमच्या रचनेत एक कृती एकच पट्टी भरते. ती गाठ सोडवावी लागेल.

अर्धविराम

सोडवा, अवघड नाही. कृतीला दोन खिसे द्या, हाताचा आणि तोंडाचा. सांडगे हात अडवतात, तोंड मोकळं. पोहणं दोन्ही अडवतं. हलगी ऐकत चालणं काहीच अडवत नाही. मग माणसं आपोआप जोड्या लावतात. आणि ताईंच्या तुकड्यांसाठी, प्रत्येक नादाला 'कमीत कमी किती वेळ लागतो' हा आकडा द्या. विणकाम ५ मिनिटं, तालीम २ तास. जिच्या दिवसाचे तुकडे झालेत तिला तालीम दिसणारच नाही. तुम्ही काही सांगितलं नाही तरी खेळणाऱ्याला कळेल.

टीव्हीचा बंदोबस्तही यातच आहे. वस्तूंनी हाक मारायची तशी जागांनी आणि वेळांनी हाक मारू द्या. मैदान रोज गप्प असतं आणि सामन्याच्या दिवशी दुपारी चारला ओरडतं, तेही आपल्या पेठेच्या माणसाला जास्त जोरात. आणि नाद जितका जुना तितका कान तिखट. टीव्हीचा आवाज मात्र रोज तेवढाच.

पेठेचा_पोरगा

फुटबॉलचा विषय निघाला म्हणून येतो. पेठ घातली आणि टीम नाही घातली तर सगळं फुकट. इथं टीम निवडत नाहीत. शिवाजी पेठेत जन्मलास की शिवाजी तरुण मंडळ. बाकीच्या टीम म्हणजे पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस. टीमचं नाव बघा, निम्म्यांच्या नावातच तालीम आहे. कुस्तीच्या तालमीतल्या पोरांनीच पुढं चेंडू लाथाडायला घेतला. शाहू स्टेडियमवर शिवाजी-पाटाकडील असली की दोन्ही पेठांत दुसरं कुणी काही बोलत नाही. तेव्हा पात्र तयार करताना टीम निवडायचा पर्याय देऊ नका. पेठ ठरली की टीम ठरली.

वांगी_भात

आणि लग्न होऊन दुसऱ्या पेठेत गेलेल्या बाईची टीम कुठली?

पेठेचा_पोरगा

अं. सासरची?

वांगी_भात

बघ हां, विचार करून बोल.

मिरची_भजी

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

(यानंतरचे सतरा प्रतिसाद मागच्या हंगामातल्या एका पेनल्टीवर गेले. ते वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. कृपया इथं गेमवर बोलावं. – संपादक)

तिसरी_घंटा

नाटक ठेवलंत हे वाचून आलो. हौशी रंगभूमीवर तीस वर्षं आहे, त्यातली पंचवीस पडद्यामागं.

तुमच्या चारही नादांत करणारा एक आणि बघणारे शंभर आहेत. गेमवाले करणाऱ्याचाच विचार करतात. कोल्हापूरचा खरा नाद बघण्याचा आहे. शाहू महाराजांनी खासबागचं मैदान १९१२ मध्ये बांधून घेतलं ते ताटलीसारखं खोलगट, मधे आखाडा. कुठंही बसा, कुस्ती दिसते. शेजारी पॅलेस थिएटर १९१५ चं, म्हणजे गायक-नट केशवराव भोसल्यांच्या नावाचं आपलं नाट्यगृह. मधे एक भिंत. एका बाजूला मातीतला डाव बघायचा, दुसऱ्या बाजूला तान ऐकायची. दोन्हीकडचा प्रेक्षक तोच, आणि तसाच बेरकी. चुकीच्या डावाला आणि चुकीच्या सुराला एकाच आवाजात ओरडणारा.

बघणाऱ्याला पण पातळी द्या. पहिल्यांदा आलेला पाठ मातीला लागल्यावर टाळ्या वाजवतो. मुरलेला माणूस त्याच्या चार पावलं आधी, पकड बसली तिथंच 'आहा' म्हणतो. खेळणाऱ्यानं गर्दीतला तो एक 'आहा' ओळखून त्या म्हाताऱ्याशेजारी जाऊन बसायचं. शिकण्याची जागा ती.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. मी रस्त्यावर उभा होतो. आसपास शेकडो लोक, त्यातल्या कितीकांनी आयुष्यात एकदाही तोंडाला रंग लावला नसेल. सगळे रडत होते. ते का रडत होते, हे तुमच्या गेमला समजलं तर नाटक घातलं असं म्हणेन.

चौकातला_दिवा

काय लिहू? त्या रात्री मीही तिथंच होतो.

गेममधलं नाट्यगृह उभंच ठेवतोय. जाळणार नाही.

हिशेबी

ठेवा. मी पण नाही म्हणणार नाही.

ढाबळीवरून

कबुतरांवर कुणीच बोललं नाही म्हणून दोन ओळी. माझ्या चुलत्यांची गच्चीवर ढाबळ, म्हणजे कबुतरांचं खुराडं होतं, गिरेबाज पाळायचे, म्हणजे तासन्‌तास उडत राहणारी कबुतरं. सकाळी सोडायचे आणि मान वर करून दिवसभर बसायचे. काही करायचे नाहीत. बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं, माणूस रिकामटेकडा आहे. कबुतर उशिरा परतलं की त्या रात्री घरात गोड व्हायचं, आणि नाही आलं की चुलते जेवत नसत. गेममध्ये ही 'वाट बघणं' नावाची कृती जमली तर बघा. बटण नको तिला.

चौकातला_दिवा

पाच आठवड्यांनी परत आलोय. नोकरीत गडबड होती.

काय काय झालं ते सांगतो. मजा ही पट्टी काढून टाकली. त्याऐवजी प्रत्येक माणसाला एकच नाद, आणि नादाला 'तलफ'. तलफ वाढते कशानं, तर नाद केल्यानं. पहिल्या काही खेपांना वाढतच नाही, म्हणून बरीच माणसं सोडून देतात आणि टीव्हीकडं परततात. ३४ पैकी १९ अशी परतली. ती तशीच ठेवली, सगळ्या गावाला नाद असतो असं थोडंच आहे! उरलेल्या १५ जणांची तलफ एका रेषेच्या वर गेली आणि ती झोपेतून, पगारातून वेळ चोरायला लागली. अर्धविरामांचे दोन खिसेही बसवले. सांडग्यांच्या गच्चीवर आता पेठेतल्या सगळ्या बातम्या फिरतात. ते आम्ही लिहिलं नव्हतं.

काल रात्री चाळीस दिवस सलग चालवून बघितले. एका मिस्त्रीनं सख्ख्या मेहुणीच्या लग्नातून अक्षता पडायच्या आधी पळ काढला, कारण मैदान ओरडायला लागलं. बायको त्याच्याशी सहा दिवस बोलली नाही. मी आणि मित्र रात्री दीड वाजता खुर्चीवरून पडलो हसून.

आता अडचण. अंतिम सामन्याच्या दिवशी भेळवाला, चहावाला, दूध कट्ट्यावरचा गवळी, सगळेच दुकान टाकून मैदानात गेले. पेठेत कुणाला काही विकत मिळेना. तिघं उपाशी झोपले. भेळवाल्याला मैदानाची हाक ऐकू येणार नाही अशी सोय करू का?

लाल_माती

त्येला बहिरा कशाला करताय? गाडा घिऊन मैदानाच्या दारात उभा करा की. धंदा बी हुतोय आन् आतला आवाज बी ऐकू येतोय. आमच्या वेळंपास्नं तसंच हाय.

वांगी_भात

छान झालंय. पण १५ जणांत बायका किती?

चौकातला_दिवा

...तीन.

वांगी_भात

मैदानात?

चौकातला_दिवा

एकपण नाही. त्यातल्या एकीची तलफ फुटबॉलची आहे, ती लग्न होऊन पलीकडच्या पेठेतून आलेली सून. सामन्याच्या वेळेला ती दारापर्यंत येते आणि परत आत जाते. मी आधी हे रस्ता शोधण्यातली चूक समजलो होतो. नंतर आकडे बघितले. पाच वाजता तिचं रात्रीच्या स्वयंपाकाचं काम सुरू होतं.

आजच दुरुस्त करतो, ताई. तिला मैदानात पाठवतो. फक्त एक सांगा, बसवू कुठल्या बाजूला? माहेरच्या का सासरच्या?

वांगी_भात

ते तिचं ती बघेल की. तू त्या दिवशी भाकरी कोण थापणार ते बघ.

पेठेचा_पोरगा

माहेरच्या. विचार करून बोलतोय.